अरबी वाळवंट आणि पाश्चात्त्य प्रवासी : व्यापाऱ्याने ही पुस्तके कशी वाचावीत?

नाशिक, मालेगाव, येवला, मनमाड या भागातील कितीतरी घरांचा आज आखाती देशांशी संबंध आहे. कोणाचा मुलगा दुबईला कामाला आहे, कोणाचा भाऊ कुवैतला. आपल्या जिल्ह्याचा कांदा आणि द्राक्षे त्या बाजारात जातात. असे असूनही अरब माणूस, त्याचे वाळवंट, त्याचा व्यवहार याविषयी आपल्या मनात असलेले चित्र बरेचसे उसने आहे. एका चित्रात अरब म्हणजे तलवार उपसलेला लुटारू. दुसऱ्यात तंबूत बसून पाहुण्याला कॉफी पाजणारा दिलदार शेख. ही दोन्ही चित्रे मुख्यतः युरोपियन प्रवाशांच्या पुस्तकांतून जगभर पसरली, आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर व सिनेमाबरोबर आपल्यापर्यंत येऊन पोहोचली.

ही पुस्तके खोटी म्हणून टाकून द्यावीत काय? तसे केले तर आपलेच नुकसान आहे. जुन्या काफिल्यांचे भाडे, मालाचे भाव, वजने-मापे, वाटेवरचे मुक्काम, उधारीच्या रीती यांची इतकी तपशीलवार नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते. मग छापील आहे म्हणून सगळे खरे मानावे काय? तेही नाही. शहाणा व्यापारी माल घेण्यापूर्वी तराजूचा पासंग पाहतो. या पुस्तकांचाही पासंग पाहता येतो, आणि तो पाहण्याची एक सोय चक्क आपल्या जिल्ह्यातून गेलेल्या जुन्या वाटेवर आहे.

सटाणा-उमराण्याच्या वाटेवरचा प्रवासी

ज्यां द थेवनो हा फ्रेंच प्रवासी १६३३ साली पॅरिसमध्ये जन्मला. तो तुर्की, अरबी व फारसी शिकलेला होता. पहिल्या प्रवासात त्याने इजिप्त पाहिला आणि कैरोहून सिनाईच्या वाळवंटात गेला. दुसऱ्या प्रवासात दमास्कस, हलब, मोसूल, बगदाद या मार्गाने तो इराणात उतरला, बसऱ्याला जहाजात बसला आणि जानेवारी १६६६ मध्ये सुरतेला पोहोचला. तेथून दक्षिणेत गोवळकोंड्याकडे जाताना त्याने जी वाट धरली ती आपल्या ओळखीची आहे. नवापूर, पिंपळनेर, ताहाराबाद, सटाणा, उमराणे, अंकाई-टंकाई, पुढे लासूर आणि मग औरंगाबाद, असे मुक्काम त्याने लिहून ठेवले आहेत. नावे फ्रेंच कानाने ऐकलेली असल्यामुळे थोडी मोडकी आहेत, पण ओळखू येतात. त्यांचा क्रमही बरोबर आहे. बागलाणातून निघून मनमाडजवळच्या अंकाईच्या किल्ल्याखालून औरंगाबादकडे जाणाऱ्या माणसाला ही गावे आजही याच क्रमाने लागतात.

याच मुलखातून त्याच्या आगेमागे दुसरा एक फ्रेंच माणूस अनेकदा गेला. त्याचे नाव टॅव्हर्निये. हा पेशाने जवाहिऱ्या, हिरे-माणकांचा व्यापारी. हलबहून बसऱ्याला जाणाऱ्या मोठ्या वाळवंटी वाटेचे वर्णन त्याने केले आहे. आपल्या शेजारच्या नवापूरविषयी तो लिहितो की हे विणकरांचे मोठे गाव आहे, पण तेथील मुख्य व्यापार तांदळाचा. तो तांदूळ आकाराने लहान, शिजल्यावर पांढराशुभ्र आणि कस्तुरीसारख्या वासाचा असतो. व्यापाऱ्याची नजर कोठे जाते ते यावरून कळते. गावात देवळे किती, वाडे किती, यापेक्षा बाजारात काय विकले जाते हे त्याने आधी टिपले.

आता यातून पासंग कसा पाहायचा? थेवनोने आपल्या वाटेवरची गावे नीट क्रमाने लिहिली असतील, तर मोसूल-बगदादच्या वाटेवरचे त्याचे मुक्कामही बरेचसे भरवशाचे मानता येतात. त्याच्या हिंदुस्थानातील प्रवासाचा इंग्रजी अनुवाद इतिहासकार सुरेंद्रनाथ सेन यांनी १९४९ साली संपादित करून प्रसिद्ध केला. जिज्ञासूंनी तो पाहून आपल्या तालुक्याशी ताडून घ्यावा. थेवनो स्वतः घरी पोहोचला नाही. परतीच्या वाटेवर, नोव्हेंबर १६६७ मध्ये, इराणातील मियाना गावी तो वारला. वय अवघे चौतीस.

पाहिलेले वेगळे, ऐकलेले वेगळे

या सर्व प्रवाशांत हिशेबाला सर्वांत चोख कोण, असे विचारले तर कार्स्टन नीबूरचे नाव घ्यावे लागेल. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या अभ्यासासाठी एक मंडळ पाठवले. जानेवारी १७६१ मध्ये सहा माणसे कोपनहेगनहून निघाली. नीबूर हा त्यातील मोजणीदार. येमेनच्या हवेने दोघांचा बळी घेतला, मुंबईकडे येताना जहाजावर आणखी दोघे गेले, आणि मुंबईत १७६४ साली मंडळाचा वैद्यही वारला. उरला एकटा नीबूर. सप्टेंबर १७६३ ते डिसेंबर १७६४ या काळात त्याचा मुख्य मुक्काम मुंबईत होता. तेथे त्याने घारापुरीच्या लेण्यांची मापे घेऊन चित्रे काढली. लेणी जागेवर आहेत, चित्रे छापलेली आहेत. कोणीही फीत घेऊन जावे आणि नीबूरचे माप तपासावे.

येमेनमध्ये तो गाढवावर बसून साध्या वेषात कॉफीच्या डोंगरांत फिरला. बैत अल-फकीह या गावी डोंगरातील कॉफी उतरते आणि हिजाज, इजिप्त, शाम, तुर्कस्तान, इराण व हिंदुस्थान येथील व्यापारी ती घ्यायला येतात, असे त्याने लिहिले आहे. मोखा बंदरातील जकात कचेरीचा अनुभवही त्याने लिहिला आहे. मंडळाच्या सामानात अभ्यासासाठी दारूत बुडवून ठेवलेले मासे होते. जकातवाल्यांनी ती भांडी उघडायला लावली, कचेरीभर दुर्गंधी पसरली आणि मंडळावर नसते बालंट आले. ज्यांनी कधी बंदरात माल सोडवला आहे, त्यांना या प्रसंगाचे मर्म सांगायला नको.

नीबूरची खरी शिस्त मात्र वेगळी होती. स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांची सरमिसळ होऊ नये याकडे त्याचे लक्ष असे. एकच गोष्ट तो अनेकांना विचारून ताडून घेई. अरबस्तानविषयीचे त्याचे पुस्तक १७७२ साली निघाले आणि आजही अभ्यासक त्याचा आधार घेतात. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याची रोजकीर्द आणि उधारवही वेगवेगळी होती.

वाळवंटातील व्यवहार कशावर चालत असे?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. वाळवंटात पोलीस नव्हते, कोर्ट नव्हते, विमा नव्हता. तरीही शेकडो वर्षे लाखो रुपयांचा माल उंटांवरून इकडून तिकडे गेला. तो कशाच्या जोरावर? तलवारीच्या जोरावर, असे वरवर वाचणाऱ्याला वाटते. स्विस प्रवासी बर्कहार्ट आणि इंग्रज प्रवासी चार्ल्स डाऊटी यांची पुस्तके नीट वाचली तर वेगळेच उत्तर मिळते.

पहिली गोष्ट म्हणजे रफीक. ज्या कबील्याच्या मुलखातून जायचे, त्या कबील्यातील एक माणूस मोबदला देऊन बरोबर घ्यायचा. तो बरोबर आहे तोवर त्याचे भाईबंद त्या काफिल्याला हात लावत नसत. त्याने दगा दिला तर त्याचे व त्याच्या घराण्याचे तोंड काळे होई. हद्द बदलली की रफीक बदलायचा. "आधी साथीदार, मग वाट" अशी अरबी म्हण आहे, ती या रिवाजातून कळते.

दुसरी गोष्ट मीठ-भाकरीची. एकदा तंबूत अन्न खाल्ले की यजमान पाहुण्याचा जामीन होई. डाऊटी सांगतो की ही हमी दोन रात्री आणि मधला एक दिवस, म्हणजे ते अन्न पोटात आहे असे मानले जाई तोवर, टिकत असे. मुदत ठरलेली आणि दोन्ही बाजूंना ठाऊक. पाहुणचाराची ही रीत म्हणजे मुदतीचा करारच होता.

तिसरी गोष्ट खुव्वा, म्हणजे भाईचाऱ्याची रक्कम. दुबळी गावे व काफिले बलवान कबील्याला दरसाल ठराविक रक्कम किंवा धान्य देत आणि त्या बदल्यात संरक्षण मिळवत. युरोपियन लेखक याला खंडणी म्हणतात. रक्कम घेणाऱ्याच्या दृष्टीने ती राखणदारी होती. दोन्ही शब्दांत थोडे थोडे तथ्य आहे.

चौथी गोष्ट वस्म. प्रत्येक कबील्याची उंटावर डागण्याची खूण ठरलेली असे. चोरीला गेलेला उंट दूरच्या बाजारात दिसला तरी खुणेवरून मालक कळे. डाऊटीने अशा कितीतरी खुणा काढून दाखवल्या आहेत. आज आपण मालाच्या खोक्यावर जो मार्का छापतो त्याचाच हा वाळवंटी भाऊ.

हे सर्व पाहिले की ध्यानात येते की वाळवंटातील व्यापाराचे खरे भांडवल पत होते. लूटमार होत नव्हती असे नाही. ती होत होती आणि प्रवाशांनी ती लिहिली आहे. पण रोज लुटले जाणारे काफिले दुसऱ्या वर्षी निघालेच नसते. ते वर्षानुवर्षे निघत राहिले, यातच सगळे आले.

जिद्दाचा बाजार आणि तुपाचा काफिला

बर्कहार्ट १८१४ साली जिद्दाला उतरला तेव्हा त्याच्याजवळ कैरोहून आणलेले पतपत्र होते. पण ते फार जुन्या तारखेचे होते आणि अंगावरचे कपडे फाटके. तेथील व्यापाऱ्याने पैसे देण्यास नकार दिला. पुढे तुसून पाशाच्या याह्या एफेंदी या वैद्याने त्याची कैरोवरील तीन हजार पियास्टरची हुंडी घेतली आणि त्याची सोय झाली. हुंडीचा धंदा माहीत असलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. जुन्या तारखेच्या कागदाला कोठलाही सराफ असेच उत्तर देईल.

जिद्दाच्या बाजारात त्याने दुकाने मोजली. कॉफी पाजणारी सत्तावीस, लोणी-तूप विकणारी एकवीस, अशी त्याची यादी पुढे चालते. कॉफीच्या भावाविषयीची त्याची नोंद तर आजच्या वर्तमानपत्रातील वाटावी अशी आहे. तो आला तेव्हा कॉफीचा भाव हंड्रेडवेटला ३५ डॉलर होता. तीन आठवड्यांत तो २४ वर आला. कारण काय, तर दूर कोठे युद्ध थांबून शांतता झाल्याची वार्ता आली. आता वेस्ट इंडीज बेटांची कॉफी पुन्हा इस्तंबूल व स्मिर्नाच्या बाजारात उतरणार, असा अंदाज व्यापाऱ्यांनी बांधला. कॉफीचा व्यापार म्हणजे सोडत, आणि त्या मानाने हिंदुस्थानच्या मालाचा व्यापार सुरक्षित, असे तेथील व्यापारी मानत. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातबंदीची बातमी आली तेव्हा लासलगावच्या बाजारात काय झाले, ते आपण पाहिले आहे. बाजार मालावर चालतो त्याहून अधिक बातमीवर हलतो, हे दोनशे वर्षांपूर्वी जिद्दात जसे खरे होते तसेच आज आहे.

डाऊटीच्या पुस्तकातही आकडे भरपूर आहेत. नोव्हेंबर १८७६ मध्ये तो शामकडील हाजींच्या काफिल्याबरोबर दक्षिणेकडे निघाला. त्या काफिल्यात सुमारे सहा हजार माणसे आणि दहा हजार जनावरे असावीत, असा त्याचा अंदाज. निम्म्याहून अधिक माणसे पायी चालणारे नोकर. उंट, तंबू, पाणी यांचा ठेका घेणारे मुकव्विम नावाचे ठेकेदार वेगळे असत.

१८७८ साली डाऊटी नज्दमधील उनैजा गावी होता. तेथे काही लोकांनी त्याला रात्री गावाबाहेर काढले. त्याच्या पाठीशी उभे राहिले ते तेथील दोन व्यापारी. त्या गावाच्या व्यापाऱ्यांचा बसरा व मुंबईशी संबंध होता, बाहेरचे जग त्यांनी पाहिले होते. त्यांच्याच ओळखीने डाऊटीला मक्केकडे तूप नेणाऱ्या वार्षिक काफिल्यात जागा मिळाली. त्या काफिल्यात १७० उंट, सुमारे ३० टन तूप आणि ७० माणसे होती.

हा आकडा आपण इथेच तपासू. तीस टन म्हणजे साधारण तीस हजार किलो. भागिले १७०. एका उंटावर पावणेदोनशे किलोच्या आसपास. लांब पल्ल्याच्या उंटाला हे ओझे अगदी बेताचे आहे. म्हणजे आकडा जमतो. शिवाय चौसष्ट वर्षे आधी बर्कहार्टने जिद्दात लोणी-तुपाची एकवीस दुकाने मोजली होती. जिद्दाला ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून समुद्रमार्गे येई, मक्केला नज्दच्या उंटांवरून. वाटा दोन, पण हिजाजच्या शहरांत तुपाला मोठी मागणी होती हे दोन्ही वह्यांतून निघते. दोन अनोळखी माणसांच्या वह्या अशा जुळल्या की ती नोंद पक्की समजावी.

मुंबईचा घोडेबाजार

नज्दहून दुसरा मोलाचा माल येई तो घोड्यांचा. घोडे कुवैत व बसऱ्याकडून जहाजाने मुंबईला उतरत आणि इंग्रज पलटणी, संस्थानिक व शर्यतीचे शौकीन ते विकत घेत. लेडी ॲन ब्लंट ही इंग्रज बाई १८७९ साली पतीबरोबर हाइल येथे गेली. तिचे पुस्तक १८८१ साली निघाले. घोड्यांची पारख असलेल्या या बाईने नोंदवले की तेथील अमीर दरसाल तरुण घोडे विक्रीसाठी कुवैतला पाठवतो आणि तेथून ते हिंदुस्थानात जातात. मुंबईत विकला जाणारा प्रत्येक "अरबी" घोडा अस्सल वंशाचा नसतो, हेही तिने सांगितले. बाजारात नाव एक आणि माल दुसरा, ही तक्रार तेव्हाही होती.

घोड्यांबरोबर माणसेही येत. मराठेशाहीत अरब शिपायांना मोठी मागणी होती. मालेगावच्या किल्ल्यातील अरबांनी मे-जून १८१८ मध्ये इंग्रजांच्या वेढ्याला महिनाभर दिलेले तोंड आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात नोंदलेले आहे.

कोठे हात आखडता घ्यावा

आता उलट बाजू. काही नोंदी वाचताना सावध राहिले पाहिजे.

पालग्रेव्ह हा पूर्वी मुंबईच्या देशी पलटणीत अधिकारी होता. १८६२-६३ साली तो शामच्या वैद्याचे सोंग घेऊन नज्दमधून गेला. १८६५ साली निघालेले त्याचे पुस्तक फार रंगतदार आहे. पुढे फिल्बी नावाचा इंग्रज अधिकारी त्याच मुलखात फिरला आणि पालग्रेव्हच्या कितीतरी वर्णनांचा जागेशी मेळ बसत नाही, असे त्याने उघडपणे लिहिले. दुसऱ्या काही जाणकारांनी पालग्रेव्हची बाजू घेतली, वाद राहिला. व्यापाऱ्याने अशा मालाला "तपासून घेणे" अशी चिठ्ठी लावावी.

रिचर्ड बर्टन हाही मुंबईच्या फौजेतील अधिकारी. १८५३ साली तो पठाण असल्याचे सांगून मदिना व मक्केला गेला. त्याची नजर तीक्ष्ण होती, काफिल्याच्या वाटेची माहिती बारीक आहे. पण ज्या लोकांनी त्याला आपला समजून ताटात जेवू घातले, त्यांच्याशी त्याचा व्यवहार खोट्या नावाने झाला होता, हे वाचकाने विसरू नये. सगळ्यांना एका मापाने मोजणेही बरोबर नाही. नीबूर उघडपणे परदेशी म्हणून फिरला. डाऊटीने आपला धर्म लपवला नाही आणि त्यापायी त्रासही सोसला. बर्कहार्ट मुस्लिम म्हणून राहिला, १८१७ साली कैरोत वारला आणि तेथेच मुस्लिम कबरस्तानात त्याचे दफन झाले.

तिसरी गोष्ट मतांची. "अरब लोभी असतात", "अरब आळशी असतात", अशी वाक्ये या पुस्तकांत जागोजाग आहेत. डाऊटीसारखा प्रामाणिक माणूसही रागात फार कडवट लिहितो. ज्या प्रवाशाला उंटवाल्याने एका मुक्कामावर जादा भाडे मागितले, त्याने संध्याकाळी वहीत पूर्ण कौमेविषयी मत लिहून टाकले, असे अनेकदा घडले असणार. भाड्याचा आकडा आपण घ्यावा, मत बाजूला ठेवावे. नाशिकला एका टांगेवाल्याने फसवले म्हणून सारे नाशिककर लबाड, असे कोणी लिहिले तर आपण ते मानू काय?

व्यवहारात उपयोग काय?

आखाताशी व्यापार करणाऱ्या किंवा करू इच्छिणाऱ्या आपल्या बंधूंनी यातून चार गोष्टी घ्याव्यात. त्या बाजारात उतरण्यापूर्वी रफीक शोधावा, म्हणजे तेथील रीत जाणणारा आणि ज्याची स्वतःची पत पणाला लागेल असा माणूस. पाहुणचार आणि सौदा या दोन गोष्टी वेगळ्या समजाव्यात. कॉफी प्रेमाने घ्यावी, मुदत व दर कागदावर घ्यावेत, आणि कागदाची तारीख जुनी होऊ देऊ नये. आपला मार्का जपावा, कारण माल दूर गेल्यावर आपली ओळख तेवढीच उरते. भाव ठरवताना गोदामाबरोबर बातमीकडेही पाहावे.

आणि अरब माणसाविषयी कोणी काही सांगितले, मग ते छापील पुस्तकात असो की आखातातून सुटीवर आलेल्या शेजाऱ्याच्या गप्पांत असो, तर नीबूरचा प्रश्न विचारावा : हे तुम्ही पाहिले की ऐकले? पाहिलेले खतावणीत जाईल, ऐकलेले दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत थांबेल. याच प्रश्नाने आपणही मोजले जाणार आहोत. कारण तिकडचा व्यापारीही आपल्या मालावरून आणि वायद्यावरून नाशिकविषयी आपल्या वहीत काहीतरी लिहीतच असतो.